मेलचा तालुका

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या सामायिक दूध संघात ईमेलसाठी दोन सर्व्हर होते. शिरूरचा जुना, दौंडचा नवा. जे मशीन मोकळे असेल तिकडे मेल वळवणारा लोड बॅलन्सर संघाचे संगणक सांभाळणाऱ्या आतिफने बसवला आणि तिथेच बिचाऱ्याचं चुकलं. यंत्राला तालुका नसतो, असा त्याचा समज होता.

महिन्याभरात सत्तर टक्के मेल दौंडला गेल्याचं उघड झालं. शिरूरचे संचालक बापूसाहेब सभेत कडाडले, "दूध आमचं जास्त, आन् मेल त्यांना?"

"साहेब, दौंडचं मशीन जरा दमदार हाय," आतिफ म्हणाला.

"म्हंजी आमचं म्हातारं झालं व्हय?"

ठराव झाला: शिरूरची मेल शिरूरलाच. त्या भाराने आठवड्यातच शिरूरच्या मशीनने मान टाकली. बॅलन्सर दर दहा सेकंदांनी प्रत्येक मशीनला 'चालू आहेस का' असं विचारी. उत्तर येईना, म्हणून त्याने मेल दौंडला वळवली. ही पळवापळवी लक्षात येताच विचारपूस बंद करण्याचा ठराव झाला, आणि शिरूरची मेल पुन्हा बंद मशीनकडेच जाऊ लागली. दुरुस्तीचा अर्ज फेटाळला गेला, कारण दुरुस्ती म्हणजे बिघाडाची कबुली.

पुढे प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली. पारदर्शकतेसाठी अर्ज फक्त ईमेलने. शिरूर तालुक्यातल्या केंदूरची सुलक्षणा डेअरी डिप्लोमात पहिली आलेली. तीन अर्ज पाठवून पोच नाही, म्हणून शेवटच्या दिवशी ती कागद घेऊनच आली. तिचे अर्ज कुठे पडलेत हे आतिफला ठाऊक होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. तो तिला बापूसाहेबांकडे घेऊन गेला.

"साहेब, शिरूरचं मशीन बंद हाय. हिचा कागद घ्या."

"नियम मोडायचा? पोरी, मेलच कर. मशीन आपल्याच तालुक्याचं हाय."

तिने त्यांच्यासमोरच चौथा अर्ज पाठवला.

यादी आली. दौंडचे एकेचाळीस अर्ज, शिरूरचा एकही नाही. बापूसाहेबांनी ती सभेपुढे धरली. "तालुक्यासाठी एवढं भांडलो, आन् एकाबी पोरीला अर्ज करावासा वाटू नये?"

"साहेब, ती केंदूरची सुलक्षणा तुमच्यासमोर..."

"यादीत नाव हाय का? न्हाई ना? मग ती आलीच न्हाई."

सभा हळहळली. आतिफनेही मान डोलावली; त्यालाही घरदार होतं. तुमचाही एखादा अर्ज कुठेतरी गेलाय, आणि उत्तर नाही म्हणजे तो विचाराधीन आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. तालुका कोणता म्हणालात तुमचा?