सबनीसांचे गळके बांध

“फटी ठेवा! अहो, गळलं पाहिजे ते!”

सबनीस इतक्या जोरात ओरडले की कुवेतमधल्या जहरा गावापलीकडचे उंटसुद्धा माना वळवून बघायला लागले. माझा गुन्हा एवढाच, की त्यांच्या बांधाच्या फटी मी सीलंटने बुजवत होतो. माझा तरी काय दोष? आम्ही दोघंही रिफायनरीतले पाइपलाइनवाले. उभा जन्म गळती थांबवण्यात गेला. चहाची गाळणी गळताना दिसली तरी माझे हात शिवशिवतात.

हे सबनीस मूळचे नाशिकचे, मुक्काम कुवेतच्या महबूला भागात. मुलाकडे कॅनडाला गेले आणि नायगारा सोडून बीव्हर बघून आले. बीव्हर म्हणजे दातांनी झाडं पाडून ओढ्यावर बांध घालणारा प्राणी. त्या बांधातून पाणी झिरपतं, थबकतं, जमिनीत मुरतं. तेव्हापासून सबनीसांचं एकच पालुपद: “त्याच्याकडे डिग्री आहे का? नाही! बांध टिकतो का? टिकतो!”

एका कुवेती स्नेह्याच्या जमिनीत हिवाळ्यात जेमतेम चार दिवस वाहणारा ओढा होता. दर शुक्रवारी आम्ही हौशी बीव्हर तिथे खुंट ठोकायचो, त्यांत खजुराच्या झावळ्या विणायचो, वर चिखल थापायचो. झावळ्या रत्नागिरीचे हमीदभाई पिकअपमधून आणत. “सबनीसशेठ, दात घासून आलायत ना? आज कुरतडायचंय!”

हा खटाटोप सबनीसवहिनींसाठी होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. “तुमच्या वाळवंटात बघायला आहे काय?” असं म्हणून त्या दोन वर्षांपूर्वी नाशिकला परत गेल्या होत्या, शाळेत शिकवायला. त्यांना दाखवण्यासारखं काहीतरी सबनीसांना उगवायचं होतं.

जानेवारीत पाऊस झाला. नऊपैकी आठ बांध चाळणीसारखे गळले आणि ठाम उभे राहिले. माझा सीलंटवाला मात्र एक थेंब न गळू देता अख्खा वाहून गेला. हमीदभाईंच्या मते तो थेट इराणला लागला.

तीन आठवड्यांत ओढ्याकाठी ढोपरभर हिरवळ! सबनीस मोबाइल कानाला लावून तिच्यात फिरत होते. “अगं, फुलं आलीयेत, पिवळी! लगेच ये. मार्चअखेर ऊन तापलं की सगळं वाळून जातं!” मग ते फोन खिशात टाकून खाली बसले आणि एका खुंटाशी चिखल थापायला लागले.

“काय म्हणाल्या वहिनी?” मी विचारलं.

“परीक्षा संपल्या की येते म्हणाली. एप्रिलमध्ये.”