जादूला वन्समोर

नाटकाचा दुसरा अंक वाचून संपला आणि उकंडराव पाटील लोडावरून पुढे सरकले. शेलूबाजारात त्यांच्याएवढी जमीन कोणाची नव्हती आणि त्यांच्याएवढा गाण्याचा नादही कोणाला नव्हता. गळा तेवढा देवानं द्यायचा राहून गेला होता. अकोल्याला जाऊन ते संगीत नाटकं पाहून येत. एखादं पद रंगलं की लोक 'वन्समोर' ओरडतात आणि नट तेच पद पुन्हा म्हणतो, हे त्यांनी तिथे पाहिलं होतं. मरण्याआधी एकदा तरी आपल्याला वन्समोर मिळावा, एवढ्यासाठी हे नवं नाटक निघालं होतं.

"मास्तर," पाटील म्हणाले, "जादूगार मी होऊन राह्यलो. मंग आदी जादू आन् मंग पद, असं कायले? जादू होता होताच पद घ्या ना. संदुकीत उभा राहून गातो. पद संपलं का गायब."

"तसंच करू, पाटील," रामराव मास्तर म्हणाले आणि लिहिलेलं पान खोडायला लागले. मास्तरांची नोकरी शाळेची आणि शाळा पाटलांच्या जागेत, त्यामुळे पाटलांचं म्हणणं त्यांना नेहमीच पटत असे.

ज्याच्यावर हे नाटक होतं तो जगदेव खाली पायरीवर बसला होता. वऱ्हाडात त्याचं नाव होतं. संदुकीतून तो बायकोला, पंचफुलाला, गायब करायचा आणि ती लोकांच्या पाठीमागून चालत यायची. त्या एका खेळावर दोघांचं पोट होतं. पोहरादेवीच्या यात्रेत राहुटी लागली की वर्षाची ज्वारी घरात येई. त्याला पाटलांनी दोन गोष्टी सांगितल्या. विचारल्या नाहीत, सांगितल्या. नाटकाचं नाव 'संगीत जादूगार जगदेव' राहील, आणि नाटकासाठी त्यानं संदुकीचा भेद द्यावा.

"नाव होईन म्हंतात पाटील," जगदेवनं घरी येऊन सांगितलं.

"नावाले काय फोडनी देऊन खाची?" पंचफुला म्हणाली. "भेद गेला त यात्रेत काय दावसान?"

"पाटलाले, मास्तरले आन् पुंजाजी मिस्तरीले, एवढ्यायलेच त सांगनं हाय."

"आन् नाई म्हटलं त?"

"आपलं घर त्यायच्या जाग्यात हाय."

पंचफुला चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी जगदेवनं भेद सांगितला. संदुकीचा तळ खाली उघडतो. संदूक जिथे ठेवायची तिथे मंचाच्या फळ्यांतही तेवढंच भोक असतं. माणूस त्यातून खाली उतरतो, मंचाभोवती काळा कपडा असतो, त्याच्या आडून रांगत मागं जातो आणि वळसा घालून लोकांच्या पाठीमागून येतो. बापाकडून मिळालेली ही विद्या सांगायला पाव घटकाही लागली नाही, याचंच त्याला फार वाईट वाटलं.

"फक्त एक हाय, पाटील," तो हात जोडून म्हणाला. "हा खेळ एका जाग्यावर एकच खेप करा लागते. पह्यल्या खेपेले लोकं तोंडाकडं पाह्यतात. दुसऱ्या खेपेले पायाकडं पाह्यतात."

"एकच खेप. शब्द देल्ला तुले."

पाटील शब्दाचे पक्के होते. पोट मात्र शब्दात बसणारं नव्हतं. भोक पंचफुलाच्या मापाचं. तालमीत पाटील कमरेपर्यंत उतरले आणि थांबले. पुंजाजी मिस्तरीनं भोक वाढवलं. तरी पाटील थांबले. पुन्हा वाढवलं. शेवटी संदुकीला तळ असा राहिलाच नाही. चारी बाजूंना बोटभर काठ राहिला आणि पाटील त्यावर टाचा टेकवून, जीव मुठीत धरून गायला लागले. त्यामुळे वरचे सूर आपोआप लागू लागले, असं मास्तरांचं मत पडलं.

मग पाटलांच्या मनात आलं की नाटक बाजाराच्या दिवशी, भर दुपारी करावं. रात्री कोण येतं? बाजाराला आसेगावपासून माणूस येतं.

"उजेडात खालचं दिसते, पाटील," जगदेव म्हणाला.

"दिसलं त मीच दिसीन ना? मलेच पाह्याले त येऊन राह्यले लोकं."

बाजाराचा दिवस ठरला. वन्समोरची सोय मात्र पाटलांनी नशिबावर सोडली नाही. आपल्या शेतावरचे सालदार त्यांनी गर्दीत जागोजागी बसवले आणि पद संपलं की ओरडायचं, असं बजावलं. पद संपतं तेव्हाच जादू होते, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. नाटक बसवताना सगळे पाटलांच्या तोंडाकडे पाहत होते, त्याला काय करणार?

बाजाराच्या दिवशी मंडप भरला. जगदेव पहिल्या रांगेत होता, पंचफुला बायकांत. पाटील संदुकीत उभे राहिले. पेटीचा सूर एकीकडे, पाटील दुसरीकडे, असं पद चाललं. शेवटच्या तानेला झाकण पडलं, खाली धपकन आवाज झाला आणि पुंजाजीनं झाकण उघडलं तर संदूक रिकामी. तोच मागून फेट्यावर धूळ घेऊन पाटील चालत आले.

मंडपातले लोक आ वासून मागं वळले. जगदेवच्या डोळ्यांत पाणी आलं. हा खेळ समोरून कसा दिसतो ते त्यानं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. इतकं सुंदर आपण काही करत होतो, हे त्याला आज कळलं.

आणि सालदार ओरडले, "वन्समोर."

"पाटील, नोका," जगदेव उठून आडवा आला. "शब्द देल्ला तुमी."

"खेळाचा देल्ला, जगदेवा. हा पदाचा वन्समोर हाय. लोकायचा मान राखा लागते."

पाटील पुन्हा मंचावर चढले. पद पुन्हा झालं. या खेपेला त्यांच्या तोंडाकडे कोणी पाहत नव्हतं. काळा कपडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलत गेला आणि त्याबरोबर मंडपातल्या सगळ्या माना हलत गेल्या. पाटील मागून आले तेव्हा वन्समोर ओरडायला सालदारांची गरजच पडली नाही. सारा मंडप ओरडला. खरा वन्समोर. पाटलांनी लवून मुजरा केला आणि ते तिसऱ्यांदा गायले.

तिसऱ्या खेपेला टाच सुटली. पाटील वाकडे खाली गेले आणि बगलेत अडकले. त्यांना ओढायला पुंजाजी खाली शिरला, त्याच्या पायात येऊन काळा कपडा सुटून पडला. भर उन्हात, मंचावर पाटलांचं डोकं आणि मंचाखाली झाडले जाणारे पाय, असा खेळ लोकांना दिसला. भाजीची गाठोडी खाली ठेवून माणसं हसत सुटली.

"पाटील, कसे उतरता ते दावा ना पुन्हा," कोणी तरी ओरडलं.

जगदेवला वाटलं, आता तरी पाटील शरमेनं आत जातील. पण तोही एक वन्समोरच होता. पाटील भोकातून बाहेर निघाले, घाम पुसला, संदूक आडवी करून भोक लोकांसमोर धरलं आणि म्हणाले, "हे पाहा, अथून पाय टाकाचा." टाळ्या इतक्या पडल्या की बैल बुजले.

"तुह्या नावाचा डंका वाजला, जगदेवा," पाटील नंतर म्हणाले. जगदेवनं मान हलवली. घराची जागा अजून पाटलांचीच होती.

यात्रेपर्यंत जगदेव धड जेवला नाही. त्यानं नवी संदूक केली. चार उंच पायांची, उघड्या जमिनीवर ठेवायची, खालून आरपार उजेड दिसणारी, पक्क्या तळाची. तिच्यातून पंचफुला कशी जात होती ते त्यानं कोणालाच सांगितलं नाही, म्हणून आपल्यालाही माहीत नाही. बापाला जे जमलं नव्हतं ते आपल्याला जमलं, एवढं त्याला कळत होतं.

पोहरादेवीला सकाळच्या खेळाला नावामुळे राहुटी भरली. पंचफुला संदुकीत गेली, झाकण पडलं, उघडलं आणि ती लोकांच्या पाठीमागून चालत आली. टाळी पडली नाही. लोक एकमेकांकडे पाहू लागले. गोविंदसिंग नावाचा एक बैलांचा व्यापारी पुढे आला आणि संदुकीखाली वाकून त्यानं तळावर थाप मारली.

"भोक कुठी हाय?"

"भोक नाई, भाऊ. त्याचीच त जादू हाय."

"शेलूबाजारले होतं. म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. आमाले काय बुद्दू समजून राह्यला? भोकच नाई त बाई गेली कुठून?"

उत्तर द्यायचं तर नवा भेदही सांगावा लागला असता. लोक कुरकुरत उठून गेले. दुपारभर राहुटीत कोणी फिरकलं नाही.

"आता?" पंचफुलानं विचारलं.

जगदेव गाड्या दुरुस्त करणाऱ्या सुताराकडून करवत मागून घेऊन आला. त्यानं संदूक उलटी केली आणि तळावरून एकदा हात फिरवला. मग लांबून दिसेल असं मोठं भोक त्यानं पाडलं.

संध्याकाळी त्यानं खेळाआधी ते भोक सगळ्यांना दाखवलं. पंचफुला सगळ्यांच्या देखत त्यातून खाली उतरली, गुडघे झाडले आणि गर्दीतून वाट काढत मागं जाऊन पुन्हा पुढे आली. राहुटी टाळ्यांनी दणाणली.

गोविंदसिंग शेजारच्याला सांगत होता, "हा असली जगदेव. सकायी कोनी तोतया उभा केल्ता."