लॅपटॉपाचें तख्त आणि मावशीसाहेबांचें मुखदर्शन

ऐकणारांनीं चित्त स्थिर करावें. घरांत थोर मसलत पडली, तींत मातबर माणसें जेर जाहलीं आणि अखेर यश आलें, तें जैसें घडलें तैसें लिहिलें आहे.

आईसाहेब शिवणवर्गाच्या मास्तरीण. त्यांच्या धाकट्या भगिनी मावशीसाहेब दूर मुलखीं राहत आणि त्यांस कानांनीं ऐकूं येत नसे. सबब दर रविवारीं लॅपटॉपाचे पडद्यावर ओठ वाचून आणि हातवारे करून उभयतांची मुलाखत होई. तों लॅपटॉप म्हातारा जाहला, चित्र अडखळूं लागलें, मावशीसाहेबांचे ओठ अर्ध्या शब्दावर थिजूं लागले आणि आईसाहेब बहुत कष्टी जाहल्या. मग म्हाताऱ्या यंत्रासही झेपेल ऐशी लिनक्स नामें फुकटची प्रणाली घालावी ऐसें ठरलें. परंतु लिनक्साचीं घराणीं अनेक. कोणतें आणावें यावरून रण माजलें.

जावईबापू पेशानें नकाशे काढणारे. त्यांनीं ऐसें घराणें आणिलें कीं त्याची वीट न् वीट आपणच रचावी. सकाळीं मोर्चे लाविले, आणि दुपारीं काळ्या पडद्यावर पांढरीं अक्षरें तेवढीं उभीं राहिलीं. आईसाहेबांनीं चष्मा पुसून पाहिलें आणि विचारिलें, "बापू, यात माझी बहीण कुठून दिसायची?"

जावईबापूंनीं मोर्चे उठविले. मग दंतवैद्य सूनबाई बाह्या सारून पुढें सरसावल्या. त्यांच्या घराण्याचा दरबार देखणा, परंतु तें कॅमेऱ्यास ओळखच देईना. कवळी झकास, चावतां येत नाहीं, ऐसा शेरा जावईबापूंनीं मारिला आणि त्या दिवशींच्या चहास मुकले.

तेव्हां आईसाहेबांनीं उभयतांस एका बाकावर बसवून हुकूम फर्माविला कीं, भांडण बंद. तुम्हांस आवडे तें नको, मज बहीण दिसे तें आणावें. मग दोघें एक जाहलीं आणि पेनड्राइव्हावरून, लॅपटॉपांत कांहीं न बसवितां, एकेक घराणें चालवून पारखूं लागलीं. रविवारीं ऐन मुलाखतीचे समयीं एका साध्याशा घराण्यानें कॅमेरा जागा केला आणि पडद्यावर मावशीसाहेब लख्ख प्रकटल्या. त्यांनीं आईसाहेबांचे केसांकडे बोट दाखवून कांहीं म्हटलें, आणि आईसाहेब पदर तोंडाशीं धरून हंसूं लागल्या.

इतक्यांत आवाज मुळींच निघत नाहीं हें जावईबापूंचे ध्यानीं आलें आणि ते घाबरून उठले. आईसाहेबांनीं पडद्यावरची नजर न काढितां त्यांची बाही धरिली.

"बसा हो बापू. आम्हाला कुठे लागतो आवाज?"

सबब तेंच घराणें तख्तावर कायम केलें. फत्ते जाहली. भगिनी काय बोलल्या तें फत्ते करणारांसही अद्याप कळलें नाहीं.