काकांची झोप आणि दोनशे मेगावॅट

अगं, तू नुसती ऐक. मध्ये बोलू नकोस, मी विसरेन. माझे मोठे काका माहितीयेत ना, कोळशाच्या वीजकेंद्रातले? तीस वर्षं एकच टर्बाइन सांभाळतात, दोनशे मेगावॅटचं. घर कुंपणाला लागून, त्यामुळे चोवीस तास कानात घुंऽऽऽ. रात्रपाळी करून आले की काका त्या घुंवर बाळासारखे झोपायचे. आवाज थांबला की मात्र ताडकन उठून पळायचे. कारण आवाज थांबला म्हणजे टर्बाइन बंद पडलं, आणि शहर अंधारात!

आता झालंय काय, दिवसा सोलरची वीज भरपूर येते. म्हणून सोमवारपासून काकांचं टर्बाइन सकाळी नऊला बंद, सूर्य मावळताना चालू. तशी नोटीस लागली. लावली कुणी? काकांनीच, स्वतःच्या हातानं. तरी सोमवारी नऊला शांत झालं आणि काका बनियनवर गेटपर्यंत! मंगळवारी तेच. बुधवारी वॉचमनच म्हणाला, "साहेब, आजपण ठरवून बंद केलंय हं. जा, झोपा."

हसतेस काय! शुक्रवारी त्यांची परीक्षा होती. जुन्या कोळशाच्या ढिगाच्या जागी बॅटऱ्यांचं नवं केंद्र होतंय, तिथं जागा फक्त चार. नाही मिळाली तर बदली, तीही इतकी लांब की महिन्यातून एकदा घरी. धाकटीचं शाळेचं शेवटचं वर्ष, म्हणजे काकू इथंच. आणि काकांनी तर आधीच हात टेकलेले.

"त्या बॅटऱ्या आवाजच करत नाहीत गं," काकूंना म्हणाले. "त्यांचं काय दुखतंय, मला कसं कळायचं?"

"आधी तुम्ही झोपा. मग बघू."

गुरुवारी काकूंनी शक्कल लढवली. काका आडवे झाले, डोळा लागला, तशी त्यांनी भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात वॉशिंग मशीन रिकामंच फिरवलं. नऊला टर्बाइन थांबलं. काका कुशीवर वळले आणि झोपेतच पुटपुटले, "लोड कमी पडतोय... वाढवा."

काकूंनी एक्झॉस्ट फॅन लावला.

"अजून थोडा."

काकूंनी मिक्सर लावला, आणि वर व्हॅक्यूम क्लीनर! आता आवाज असा जमला की काका चक्क घोरायला लागले. दीड तास काकू अधूनमधून मिक्सरला विश्रांती देत पहारा करत होत्या. साडेदहाला त्यांना वाटलं, झोपलेत तोवर परीक्षेचा शर्ट तरी उरकावा. इस्त्रीचं बटण दाबलं.

खट्! घराचा फ्यूज उडाला. सगळं चिडीचूप.

"ट्रिप! ट्रिप झालं!" काका दाराबाहेर.

"अहो, थांबा! आपलाच—" पण ऐकायला काका होतेच कुठं? काकू अर्धवट इस्त्रीचा शर्ट घेऊन मागे धावल्या. वॉचमननं विचारलं, "वहिनी, काय झालं?" काकू म्हणाल्या, "शर्ट!" त्यानं गेट उघडलं.

आत टर्बाइनपाशी नेमक्या परीक्षा घेणाऱ्या बाई आलेल्या, केंद्र बघायला. त्यांच्यासमोर काका, बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यात!

ड्यूटीवरचा इंजिनिअर म्हणाला, "अहो, नऊलाच बंद केलंय. नोटीस—"

"माहितीये रे. मीच लावली." काका इतके ओशाळले की बघायचं कुठं कळेना. सवयीनं टर्बाइनजवळच्या कठड्यावर हात ठेवला. आणि चेहराच बदलला. "शाफ्ट फिरत नाहीये."

"फिरतोय की. स्क्रीनवर दिसतंय."

"स्क्रीनवर फिरत असेल. हाताला लागत नाहीये."

कसंय, गरम टर्बाइन बंद केलं तरी एक बारकी मोटर त्याचा शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, हळूहळू फिरवत ठेवते. नाहीतर तो वाकतो. वाकला की संध्याकाळी सूर्य गेल्यावर वीज आणणार कुठून? धावत जाऊन बघितलं तर ती मोटर खरंच बंद! चौघांनी मिळून शाफ्ट हातानं फिरवला, मोटर दुरुस्त केली, टर्बाइन वाचलं.

बाई काकांकडे बघतच राहिल्या. "तुम्ही तर घरी झोपला होतात. मग धावत आलात कसे?"

"आवाज थांबला, मॅडम. जाग आली."

"टर्बाइन तर नऊलाच थांबलं होतं."

इंजिनिअरनं कपाळावर हात मारला. "म्हणजे त्या मोटरीचा! काका, तुम्हाला तिचा आवाज घरापर्यंत येतो?"

काका स्वतःच विचारात पडले. "तसं... झोपलो तर होतो मी. आणि थांबला खरा."

दारात काकू. सगळं ऐकलं, आणि पुढे होऊन काकांच्या अंगात शर्ट घातला.

शुक्रवारी परीक्षा झाली. चार नावांत पहिलं काकांचं! त्या दिवसापासून काका ताठ चालतायत. नवी पोरं विचारतात, काका, तुम्हाला आणखी काय काय ऐकू येतं?

आणि काल जेवताना ते अचानक थांबले. म्हणाले, "बॅटऱ्यांची धास्ती होती गं मला. पण आता वाटतं, जमेल. माझ्या कानांत काहीतरी आहे." मग हळूच, अगदी पोरासारखं विचारलं, "तू जागी होतीस ना? खरं सांग, मोटरीचाच आवाज थांबला होता ना?"

काकूंचा घास हातातच. समोर काका, डोळे एवढे मोठे करून बघतायत.

आता सांग, काकूंच्या जागी तू असतीस, तर काय म्हणाली असतीस?