पालकासारखी म्हणायचं नाही

सोपानआबांसमोर रानभाजी खाऊन कुणी ‘पालकासारखी लागते’ म्हणालं, की आबा त्याच्या पुढ्यातली पत्रावळ उचलून घेत. खरोखर उचलून घेत. पुण्याच्या एका बाईंच्या हातात नुसता भाकरीचा तुकडा उरला होता आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणजे पवना धरणाकाठच्या एका कॅम्पचं बुकिंग बघणारा माणूस. तंबू, चिकन, बोटिंग आणि रविवारी सकाळी ‘रानभाजी ट्रेल’. हा ट्रेल म्हणजे सोपानआबा.

आबा जवळच्याच बेडसे गावचे. सत्तरी ओलांडलेली, गुडघे शाबूत, तोंड फटकळ. पुढे काठी घेऊन आबा आणि मागे पांढऱ्या बुटांतली पंधरा-वीस माणसं. कुणी टाकळ्यावर पाय दिला की आबा थांबत. “तुमच्या ताटात मी पाय दिला तर चालंल?” कुणी पाल्याचे फोटो काढत बसलं की, “फोटू शिजवून खानार व्हय?” एका तरुणाने भारंगीत प्रोटीन किती असतं असं विचारलं. आबा म्हणाले, “आमी उपाशी व्हतो म्हून खाल्ली. प्रोटीनचं तुमी बघा.” त्यावर लोक खूप हसले. आबा हसले नव्हते.

फिरून झालं की आबांच्या अंगणात चूल पेटायची. आबा स्वतः रांधत, स्वतः वाढत, पण आमच्याबरोबर घास कधी घेत नसत. ओळीने एकेकासमोर उकिडवे बसत आणि उलटतपासणी घेत. “सांगा, कशी लागती?” ‘छान’ चालत नसे. “छान तर तुमचा सदरा बी हाय.” ‘टेस्टी’ म्हणणाऱ्याशी ते बोलतच नसत. कडू आधी लागतं की मागून, वास तोंडात राहतो की नाकात चढतो, सगळं नीट सांगावं लागे. आणि शेवटी आवाज उतरवून प्रत्येकाला एकच प्रश्न. “आन मीठ? बराबर हाय का?”

बरोबर आहे म्हटलं की आबांचा चेहरा पडायचा. मला वाटायचं, म्हाताऱ्याला कौतुकसुद्धा सोसत नाही.

पावसाळा संपला की आबा ट्रेल बंद करत. “थंडीत काय घावत न्हाई,” म्हणत. मी इथलाच. थंडीत जमिनीतून करांद्याचे कंद निघतात हे मला शेंबडं पोर असल्यापासून ठाऊक. मालकांना हिवाळ्यातही गर्दी हवी होती आणि मला मालकांची शाबासकी. आबांना न विचारता मी ‘करांदा स्पेशल’ची जाहिरात टाकली, चौदा जणांचं बुकिंग घेतलं आणि मग त्यांना सांगायला गेलो.

“कडू करांदं हायती मॅनेजर. नगं.”

“आबा, लोक येणारच आहेत. आता माझी लाज राखा.”

त्यांनी राखली.

कडू करांद्याचे काप राखेच्या पाण्यात उकडायचे, पाणी फेकायचं, पुन्हा उकडायचं. किती वेळा, ते फक्त जीभ सांगते. त्या दिवशी चूल कॅम्पवरच पेटवली होती. आबांनी दोन पाण्यांनंतर एक काप तोंडात टाकला. बराच वेळ चावला. “गेला कडूपना,” म्हणाले. वाढलं.

पहिल्याच घासाला चौदाही जण थुंकले. एक आजोबा नळाखाली तोंड धरून उभे राहिले. आबांनी पातेल्यातला आणखी एक काप घेतला, चावला आणि गिळला. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. मालकही बघत होते.

“ह्याला चवच कळत नाही!” मालक सगळ्यांदेखत ओरडले. “उद्या विष घालशील लोकांना!”

ट्रेल तिथेच बंद झाला. मी आबांवर जबरदस्ती केली, हे सांगायला माझं तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. नोकरी टिकली.

आठवड्याने आबांचं कॅम्पवर राहिलेलं पातेलं द्यायच्या निमित्ताने बेडशाला गेलो. आबा चुलीपुढे बसले होते. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली आबांच्या मंडळींचा, शेवंतामावशींचा फोटो. माफी मागायला शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तेच बोलले.

“साथ आलती ना, तवा माजी चव गेली, ती गेलीच. पर तवा मला काय ठावं? हिच्या बी अंगात ताप. तसंच उठून हिनं कुर्डूची भाजी केली. मी घास घेतला आन ताट ढकललं. म्हनलं, आता मीठ घालाया बी इसरली का गं?”

“मग?”

“मंग गाडी आली आन हिला घिऊन गेली. परत आलीच न्हाई. तिनं ती भाजी तोंडात बी घातली न्हवती. मीठ व्हतं का न्हवतं, कुनाला इचारू?”

माझ्या माफीचं काय झालं, मला आठवत नाही. आबांनी शेतातून आणलेला चाकवत शिजवला होता. तो ताटलीत वाढून ते माझ्यासमोर उकिडवे बसले.

“सांग.”

मी सांगितलं. आंबूस आहे, मऊ आहे, गिळल्यावर मागे मातीचा वास राहतो. आबा डोळे मिटून ऐकत होते.

“आन मीठ? हिचाच चमचा हाय. ती घालायची तेवढंच मी बी घालतो.”

‘कमी आहे’ म्हणावंसं वाटलं. फोनवर दिवसभर मी किती खोटं बोलतो. आणखी एक खोटं, आणि म्हातारा सुटला असता. पण मावशी फोटोतून बघत होत्या.

“बरोबर आहे, आबा.”

“नीट बघ.”

मी आणखी एक घास घेतला. “अगदी बरोबर आहे.”

“मंग तवा बी बराबरच आसंल,” आबा म्हणाले. मी ताटली पुसून खाईपर्यंत ते तसेच समोर बसून राहिले.