चोपड्याचे पुनाजीमामा आणि माझ्या तीन सुऱ्या

पुनाजीमामांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नाही. उजवा हात चारचौघांसारखा, सत्तरीतही भरपूर केसाळ. डावा मात्र सोललेल्या बटाट्यासारखा. ज्याला माहीत नसतं तो विचारतो, भाजलं होतं काय? मामा त्याच्याकडे दयेने बघतात आणि म्हणतात, "परीक्षेचो पेपर तो." सुरीला धार आली की नाही हे ते त्या हातावर ठरवतात. पातं हलकेच फिरवायचं, केस उडाले तर पास. इतक्या वर्षांत इतक्या सुऱ्या पास झाल्या की आता परीक्षा घ्यायला केसच उरलेले नाहीत. मग ते समोरच्याच्या हाताकडे बघतात. माझ्याआधी शिकायला आलेला मोरजीचा एक आचारी दोन्ही हात गुळगुळीत करून घरी गेला म्हणतात. मी बाई पडले म्हणून माझी परीक्षा वर्तमानपत्राच्या कागदावर झाली.

मी शालन. आमच्या पेडणे तालुक्यातल्या तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं कॅन्टीन चालवते. चालवते म्हणजे मालकीण नव्हे. कंत्राट दुसऱ्याचं, हात माझे. पहाटे उठायचं, पोदेर, म्हणजे पाववाला, उंडे पाव घेऊन यायच्या आत पातळ भाजीचा कांदा चिरून झालेला पाहिजे. मग दुपारची शंभर-सव्वाशे ताटं. घरी आले की नवरा विचारतो, "चहा करतेस?" आणि त्या दोन शब्दांचा अर्थ लागायला मला थोडा वेळ लागतो. उजवं मनगट दोन वर्षं दुखतंय. डॉक्टर म्हणाले, मनगटाला विश्रांती द्या. मी म्हटलं, देते. त्यांनी ते कागदावर लिहूनही दिलं.

माझा भाऊ जहाजावर आचारी होता. शेवटची फेरी करून कायमचा घरी आला तेव्हा त्याने मला तीन सुऱ्या दिल्या. मोठी, मधली आणि धाकटी. पात्यावर जपानी अक्षरं कोरलेली. "ताई, ह्या वापर. हात दुखायचा थांबेल," म्हणाला. आणि खरंच, पहिले सहा महिने कांदा आपणहून दुभंगायचा. मग धार गेली. कॅन्टीनच्या दारात सायकलवर चाक फिरवणारा धारवाला आला, मी कौतुकाने तिन्ही सुऱ्या त्याच्या हातात दिल्या. ठिणग्या उडाल्या, त्याही मी कौतुकाने बघितल्या. परत आल्या तेव्हा पात्यांची कड निळी पडलेली, मोठीच्या टोकाजवळ एक खळगा. दोन दिवस कापल्या, तिसऱ्या दिवशी टोमॅटोवरून घसरायला लागल्या. मनगट पुन्हा पहिल्यासारखं. भावाला सांगायचा धीर झाला नाही.

कारखान्यातला एक जुना फिटर म्हणाला, "चोपड्याला पुनाजीमामांकडे जा. आमच्या टूल रूममध्ये तीस वर्षं होते. पण सांभाळून, ते धार लावून देत नाहीत."

"मग काय करतात?"

"बोलतात," फिटर म्हणाला.

एका रविवारी दुपारी गेले. घर नदीच्या बाजूला, पुढे सोपो, म्हणजे व्हरांड्यातला सिमेंटचा बाक. त्यावर मामा, पुढ्यात पाण्याने भरलेलं बाल्द, त्यात दोन निसणे बुडवून ठेवलेले. निसणा म्हणजे धार लावायचा दगड. मी नमस्कार केला. मामांनी नमस्कार घेतला नाही. आधी विचारलं, "सुरयो किती हाडल्यास?"

"तीन."

"तीन," त्यांनी स्वतःशी म्हटलं, आणि मी टॉवेल उघडायच्या आत माझ्या हातातून घेतला. सोप्यावर ठेवू दिला नाही, मांडीवर घेतला. मोठी सुरी उजेडात धरली. टोकाजवळच्या खळग्यावर नख फिरवलं. मग अगदी हळू विचारलं, "कोणी केल्यान ह्यां?"

मी चाकवाल्याचं सांगितलं. मामांनी डोळे मिटले. घरात कोणी गेल्यासारखा चेहरा केला. मला वाटलं आता सांत्वन म्हणून उठून मला पाणी देतील.

"मामा, नीट होईल?"

"होतली. पण मी लावन देवचंय नाय. शिकतलीस तर बस."

मी म्हटलं, मामा, मी दमलेली बाई आहे, मला शिकायला वेळ कुठला, ठेवून जाते, पुढच्या रविवारी नेते. हे ऐकताच त्यांचा चेहरा बदलला. "ठेवूक गावची नाय. माझ्या घरात कोणाची सुरी ऱ्हवणा नाय," म्हणाले, आणि टॉवेल पुन्हा गुंडाळू लागले. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्याने एकदा डझनभर सुऱ्या गाडीतून आणल्या होत्या, दोन दिवसांसाठी ठेवा म्हणून. मामांनी त्याला गाडीतून उतरूही दिलं नव्हतं. लोक म्हणायचे, म्हातारा विक्षिप्त आहे. मीही तेच म्हटलं, मनात. आणि बसले, कारण परतीच्या बसला अजून तास होता.

अशी माझी शाळा सुरू झाली. दर रविवारी तीन सुऱ्या घेऊन जायचं, दारात मोजून द्यायच्या, निघताना मोजून घ्यायच्या. मामांची शिकवायची पद्धत म्हणजे ते गप्प बसून बघत, आणि आपण चुकलो की नाकातून श्वास सोडत. पहिला रविवार नुसता दगड पाण्यात भिजवण्यात गेला. "बुडबुडे बंद झाले?" "नाही." "मग घाई कोणाक आसा?" घाई मला होती. उद्याची मसूर भिजत घालायची होती, गणवेशांना इस्त्री व्हायची होती. ते ऐकून मामा दगडाकडे बोट दाखवत. दगडाला मसुरीचं काही नव्हतं.

दुसऱ्या रविवारी काळ्या स्केचपेनने पात्याची कड रंगवायला लावली. मग दगडावर दहा वेळा ओढायचं आणि रंग कुठे उरला ते बघायचं. उरला तिथे आपला हात वाकडा. माझा सगळीकडे उरायचा. "पात्याच्या पाठीखाली करंगळी मावतली इतकीच उचल. तुझी करंगळी. भीमाची नाय."

आणि मग मिशी. पातं एका बाजूने पुरेसं घासलं की दुसऱ्या बाजूला लोखंडाची केसाहून बारीक कड उठते. डोळ्यांना दिसत नाही, अंगठा आडवा फिरवला की खरखरते. मामा तिला मिशी म्हणतात. मिशी आल्याशिवाय बाजू बदलायची नाही, आणि शेवटी ती जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर ओढून काढायची, नाहीतर सुरी दोन दिवसांत आंधळी. त्यांचा सगळा धर्म ह्या मिशीत. दर दोन मिनिटांनी विचारायचे, "मिशी इली?" घरी सराव करायला सांगितला होता, म्हणून मधल्या वारी फोनही करायचे. एकदा भरल्या बसमध्ये फोन आला. माझा फोन जुना, आतला आवाज चार सीटांपर्यंत जातो. "शालनबाय, मिशी इली काय गे?" मी म्हटलं, "एका बाजूने आली मामा, दुसऱ्या बाजूने अजून नाही." पुढच्या सीटवरची बाई वळून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला समजावून सांगायचं त्राण नव्हतं. तिने बघितलं तेवढं बघू दिलं.

एकदा मी दगडावर वाकलेली असतानाच झोपले. किती वेळ ते माहीत नाही. जाग आली तेव्हा मान सोप्याच्या भिंतीला टेकलेली, डोक्याखाली घडी घातलेला पंचा, आणि सुरी मामांच्या मांडीवर. वाटलं, चला, निदान आज तरी त्यांनी लावून टाकली असेल. कागदावर ओढून बघितली. होती तशीच बोथट.

"हात तरी लावायचात मामा."

"तुझी सुरी, तुझी झोप. मी कित्याक मधे पडू?"

मामींना मी तोवर बाहेरूनच बघितलेलं. जनेलातून, म्हणजे खिडकीतून, पांढरा अंबाडा दिसायचा, भांड्यांचा आवाज यायचा. कधीतरी दारात येऊन विचारत, "खंयची गे तू? सर्वणची?" मामींचं माहेर डिचोलीजवळचं सर्वण. मी तुयेची म्हणून सांगायचे. त्या मान हलवून आत जायच्या आणि पुढच्या रविवारी तेच विचारायच्या. म्हातारं माणूस, विसरत असेल, एवढंच मी धरून चालले. दुसऱ्याच्या घरात डोकवायला अंगात जोर लागतो, तो मी कॅन्टीनात सोडून यायचे.

चार महिन्यांनी माझी मोठी सुरी पास झाली. वर्तमानपत्राचा कागद धरला, पातं नुसतं टेकवलं आणि कागद आवाज न करता खाली पडला. मामांनी दोन्ही अर्धे उचलले, कडा बघितल्या, म्हणाले, "वायट नाय." त्यांच्याकडून हे ऐकायला मिळालेली मी दुसरी. पहिल्यांदा ते मोरजीच्या आचाऱ्याला म्हणाले होते, तेही तो गेल्यावर.

त्याच दिवशी घोटाळा झाला. मधली आणि धाकटीही लावून झाल्या होत्या. एवढ्यात मामांच्या मुलीचा डिचोलीहून फोन आला. घरात आवाज नीट येत नाही म्हणून ते बोलत बोलत माडापर्यंत गेले. मी खुशीत होते आणि नेहमीपेक्षा जास्त दमलेली. बस दिसली. टॉवेल गुंडाळला, मामांना लांबूनच हात केला आणि पळत सुटले. त्यांनीही हात केला. मोजायचं राहिलं. बसच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा पिशवी हलकी लागली. उघडून बघितलं तर दोनच; धाकटी सोप्यावर राहिली असणार. बस सोडली आणि परत फिरले.

सोप्यावर कोणी नव्हतं, सुरीही नव्हती. पुढचं दार उघडं. मी हाक मारत आत गेले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबले.

मामी पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात लाल भोपळ्याच्या फोडी, हातात माझी धाकटी सुरी. फोड तळहातावर धरून त्या झपझप कापत होत्या, जुन्या सवयीने, खाली बघतही नव्हत्या. मामा त्यांच्यासमोर हातभर अंतरावर उकिडवे बसलेले. मला बघून त्यांनी नुसता पंजा दाखवला, थांब.

"सरू, ती सुरी दी बघू," ते म्हणाले. इतका मऊ आवाज मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

"कित्याक? बरी कापता."

"तिका मिशी रवल्या. काढून दितंय."

मामींनी हात थांबवला. पात्याकडे बघितलं. धार लावणाऱ्याची बायको ती, मिशी म्हणजे काय ते तिला कोणी समजावायला नको होतं. "व्हय?" म्हणाल्या. मग सुरी उलटी केली, पातं स्वतःकडे, मूठ मामांकडे, आणि दिली. कोणाच्या हातात सुरी कशी द्यायची ते त्या विसरल्या नव्हत्या. मामांनी ती घेतली आणि लगेच दुसरी, लाकडी मुठीची, त्यांच्या हातात ठेवली. मामी पुन्हा कापायला लागल्या.

मामांनी सुरी पंचाने पुसून मला दिली. मी चूक झाली म्हटलं. "माजीच चूक. माका मोजूक जाय होतां," ते म्हणाले आणि उंबऱ्यातच बसले. मग मला न बघता सांगत गेले.

तीन वर्षांपूर्वी मामींनी तळहात कापून घेतला. रक्त वाहत होतं आणि त्या कापतच होत्या, कापलंय हे त्या क्षणाक्षणाला विसरत होत्या. मुलगी म्हणाली, घरातली सगळी पाती काढा. मामांनी काढली. सुऱ्या, आडाळी म्हणजे विळी, कोयता, सगळं शेजाऱ्यांकडे ठेवलं. आठ दिवस मामी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिल्या. सर्वणहून भाऊ जेवायला येणार आहे, मला भाजी चिरायची आहे, सुरी कुठाय, म्हणायच्या. भाऊ जाऊन बारा वर्षं झाली. मग विचारायला लागल्या, हे घर कोणाचं.

"चाळीस वर्सां ह्या जाग्यार बसून चिरल्यान तिणें," मामा म्हणाले. "सुरी काडली, तर तिका घर वळखूक येयना."

म्हणून त्यांनी एक सुरी परत आणली. निसण्यावर पातं उभं धरलं आणि ज्या हाताने कारखान्याची हत्यारं तासली त्या हाताने तिची धार मोडून टाकली. पार गोल केली. पण मामींना कापताना जड लागलं की त्या मागच्या दाराच्या पायरीवर पातं घासतात, बायका घासतात तसं. चार दिवसांत थोडीफार धार येतेच. मग दर शनिवारी मामा ती पुन्हा मोडतात. भोपळा, बटाटे, सुरण, जे काय असेल ते आधी अर्धवट उकडून, निववून, पुसून मामींच्या पुढ्यात ठेवतात, म्हणजे बोथट सुरीनेही कापलं जातं.

"पयली धार मोडली त्या दिसा माका जेवण गेलां नाय," एवढंच ते स्वतःबद्दल म्हणाले.

बाहेर दुसरी बस येऊन गेली असावी. मी उठले नाही. स्वयंपाकघरात जाऊन मामींच्या शेजारी जमिनीवर टेकले. पाय दुखत होते आणि तिथली फरशी गार होती. मामींनी माझ्याकडे बघितलं, खंयची गे म्हणून विचारलं, मी ह्यावेळी सर्वणची म्हटलं. त्यांचं तोंड फुललं. आमच्या घरी सगळी बरी आहेत ना, विचारलं. मी म्हटलं, बरी आहेत.

त्यांनी एक फोड उचलली. बोथट पातं उकडलेल्या भोपळ्यातून सावकाश खाली गेलं. मामी माझ्याकडे झुकल्या आणि मामांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, पण अगदी ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "धार बघितलंस? लोण्यातसून गेल्यासारकी. असो हात पेडण्यात दुसऱ्या कोणाचो नाय."

मामा उंबऱ्यातून उठले. चष्मा पुसला, टोपातली आणखी एक फोड काढून दाबून बघितली, मऊ आहे ना ती, आणि बायकोच्या पुढ्यात सरकवली.