माहेरी आलेली भेग

विषय : जुने घर विकत घेण्यापूर्वी भेगेची संमती घेताना झालेली चूक व त्यावरील अर्ज.

हरणटेक नगरपालिकेच्या हद्दीत जुने घर विकत घ्यायचे तर मालकाच्या सहीइतकीच त्या घरातल्या भेगेची संमती लागते. मेलेल्या भेगेला कोणी विचारत नाही. जिवंत भेगेला मात्र विचारावेच लागते, कारण घर उभे राहायचे की बसायचे हे शेवटी तीच ठरवते. ओलीला हा अधिकार नाही. वाळवीने एकदा मागून पाहिला होता; मागणी फेटाळली गेली.

एस.टी. डेपोतले वाहतूक नियंत्रक मुकुंद आठल्ये नियम पाळणारे गृहस्थ. तेलंगांचे घर पाहायला जाताना त्यांनी पालिकेचे भेग निरीक्षक फडतरे यांना रीतसर बोलावून घेतले. सोबत पत्नी नलिनी होती.

फडतऱ्यांनी फरशीवर गोटी सोडली. ती घरंगळत पूर्वेच्या कोपऱ्यात जाऊन थांबली. “पाया या अंगाला खचलाय,” ते म्हणाले. हातोडीच्या दांड्याने त्यांनी भिंत ठोकली. आवाज बद्द आला. मग खिडकीच्या कोपऱ्यातून निघून छताकडे गेलेल्या भेगेवर त्यांनी काचेची पट्टी चिकटवली.

“पट्टी तडकली तर बाई जिवंत.”

पट्टी तडकली. फडतऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

“बाई, नवीन माणसं आलीत. काही हरकत?”

भेगेतून चिमूटभर माती मुकुंदरावांच्या खांद्यावर पडली.

“हरकत नाही म्हणते.”

“मग माझ्या अंगावर का टाकली?”

“तुम्ही खाली उभे होता म्हणून. साहेब, उगाच अर्थ काढत बसू नका.”

पुरुष मंडळी गच्ची पाहायला वर गेली, आणि चूक झाली ती तेव्हाच. नलिनीने तेलंगबाईंसाठी ओटीचे सामान आणले होते. पण तेलंगबाई लेकीकडे गेलेल्या. ओटीचे सामान परत न्यायचे कसे? घरात बाईमाणूस म्हणावे असे एकच होते. नलिनीने भेगेला हळदकुंकू लावले, खणनारळ खिडकीत ठेवला आणि ओंजळभर तांदूळ बोटांनी भेगेत सारले.

खाली आलेले फडतरे ते पाहून मटकन पायरीवर बसले.

“वहिनी, हे काय केलंत? भेगेची पहिली ओटी जो भरील, त्याचं घर तिचं माहेर. नियमच आहे तसा.”

“म्हणजे काय होईल?”

“माहेर मिळाल्यावर लेक काय करते?”

आठल्ये भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची सातवीतली मुलगी स्वाती उठली तेव्हा तिच्या उशीवर तांदळाचे दाणे होते, कुंकवाने लाल झालेले. वर छतात, बरोबर तिच्या तोंडावर, भेग उघडी होती.

त्यांनी खाट दाराशी हलवली. दुपारपर्यंत भेगही दाराशी आली.

“आई, ही माझ्याच डोक्यावर का गं येते?”

“तू लहान ना घरात,” नलिनी म्हणाली. “जीव लागला असेल.” आणि तोंडाला पदर लावून ती स्वयंपाकघरात गेली.

दोन दिवसांनी मुकुंदरावांनी स्वातीला मामाकडे पाठवायचे ठरवले. सल्ल्यासाठी घरी बोलावलेल्या फडतऱ्यांनी हात जोडले. “तेवढं करू नका. ती मागोमाग जाईल. रस्त्यात पूल आहे.”

मुकुंदराव तसेच तेलंगांकडे गेले. तेलंग नव्या रंगाच्या वासात आरामखुर्चीवर बसले होते. भिंत गुळगुळीत होती.

“तुमची भेग घेऊन जा, तेलंग.”

“आमची? आमच्या घरात भेग नाही. फडतऱ्यांना बोलवा, पट्टी लावा. दोन गिऱ्हाइकं बघून गेली, घर निर्दोष म्हणून.”

“तुमच्या घरातून गेलीय ती! सासरच्या माणसानं न्यायला यायला हवं की नको?”

“आठल्ये, आपली लेक जड झाली म्हणून असं दारोदार सांगत फिरू नये.”

मुकुंदरावांनी त्याच दिवशी पालिकेत अर्ज दिला : तेलंग यांना भेग सन्मानाने परत नेण्याचा आदेश व्हावा, खाली मूल झोपते. चौकशीसाठी फडतरे आले. त्यांनी स्टुलावर चढून छताला कान लावला. बराच वेळ ते उतरले नाहीत. उतरले ते पाय न वाजवता.

“वहिनी, छताच्या कडेला या बारीक रेघा कधीपासून?”

“कालपासून.”

“हळू बोला. सासरचे नेतील तेव्हा नेवोत. आता तिला हलवता येत नाही. पहिलटकरीण आहे. बाळंतपणाला आलीय.”

मुकुंदरावांनी मान वर केली. केसासारख्या रेघा छतभर पसरल्या होत्या, आणि त्यातली प्रत्येक थोडी थोडी हलत होती.

फडतऱ्यांचा अहवाल अर्जाला जोडण्यात आला. बाळंतपणाला आलेल्या भेगेस हलवण्याबाबत नियमात तरतूद नसल्याने प्रकरण अभिप्रायासाठी जिल्ह्याला गेले आहे. नलिनीने डिंकाचे लाडू केले आहेत. घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, दार आपटत नाही. स्वाती खाटेवर झोपत नाही. खाटेखाली झोपते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना आईवडील जागे असतात. अर्ज प्रलंबित आहे.